वानखेडे, लाइन खराब नव्हती

वानखेडे, आज तुमच्या संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून शिरले. मुद्दाम सांगते, कारण या चपलांवरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. नियम माझा होता. तुम्ही तो कधी मोडला नाहीत, पण उंबऱ्याशी वाकून सँडलचा पट्टा सोडताना दर वेळी समोरच्या माझ्या ऑफिसच्या खिडकीकडे बघायचात आणि मोठ्यानं म्हणायचात, "हे पाहा मॅडम, काढल्या." जसं काही मी तुमच्या अंगावरचा सदराच मागितला होता.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. शोकसभाही झाली. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले आणि निम्म्या लोकांनी तुमचं गाव चुकीचं सांगितलं. कुणी अमरावती म्हणालं, कुणी यवतमाळ, एकानं तर थेट नांदेड. तुम्ही असतात तर उठून दुरुस्ती केली असतीत. दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग होता की निघताना मला माझ्या सापडेनात. मला बोलायचा आग्रह झाला, मी नाही म्हणून मान हलवली. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. आलंच होतं, खोटं कशाला सांगू. पण मी गप्प राहिले ते वेगळ्या कारणानं. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती, आणि ती आधी तुम्हाला न सांगता सभेला सांगणं मला बरं वाटेना.

आता मात्र सांगितली. तीही तुमच्याआधी दुसऱ्यांनाच. गेल्या शनिवारी शाळेच्या समितीची बैठक झाली. निवृत्त झाल्यावर मला समितीवर घेतलंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. "आता तरी शांत बसा मॅडम," असं अभिनंदन फक्त तुम्हीच केलं होतं. बैठकीत विषय एकच होता. संध्याकाळी गावासाठी उघडी राहणारी तुमची खोली बंद करून ती एका खासगी क्लासला द्यायची की नाही. तुम्ही नसताना दार उघडणार कोण, हा सगळ्यांचा प्रश्न. तिथं काय झालं ते सांगतेच, पण आधी मागचं सांगू द्या. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी ऐका. एरवी तुम्ही मला दोन वाक्यांपुढं बोलू दिलंत कधी?

तुम्ही रुजू झालात तेव्हा मला मुख्याध्यापिका होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी कोथरूडहून स्कूटरवर यायचे. धायरी तेव्हा पुण्याच्या कडेचं गाव होतं. शाळेच्या मागं ज्वारी होती आणि पुढं ज्याला रस्ता म्हणायची पद्धत होती ते होतं. तुम्ही विदर्भातून आलेले, गणिताचे. पहिल्याच दिवशी मला 'मॅडम' म्हणालात. मी सांगितलं, आमच्याकडं 'बाई' म्हणतात. तुम्ही अगदी नम्रपणे म्हणालात, "हो जी, मॅडम." पुढं निवृत्तीच्या भाषणातही मी मॅडमच राहिले.

त्या दिवसांत पुण्यात रोज कुठं ना कुठं नव्या कंपनीची पाटी लागत होती. पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींतून टायपिस्ट गेला होता आणि संगणक आला होता. आपल्या मुलांनी संगणक पाहिला होता तो पुस्तकातल्या चित्रात, तोही काळापांढरा. तुम्ही कंपन्यांना पत्रं लिहायला लागलात. प्रत्येक पत्र माझ्याकडं तपासायला आणायचात. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारून द्यायचे आणि मनात म्हणायचे, कोण देतंय या माणसाला! एका कंपनीनं दिले. त्यांच्याकडं नवे आल्यामुळं अडगळीत पडलेले पाच. ते आणायला तुम्ही स्वतः गेलात आणि टेम्पोच्या मागं, घरच्या दोन गाद्यांवर, मांडीत एक मॉनिटर धरून बसून आलात. तुमच्या रेखाताई परवा सांगत होत्या, त्या गाद्यांवरचे वंगणाचे डाग अजून गेलेले नाहीत.

मग माझी कव्हरं. शिवणाच्या तासाला मुलींकडून पाच कव्हरं शिवून घेतली, निळ्या कापडाची, खाली पांढरी झालर लावून. मला अजूनही वाटतं, ती सुंदर होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला हाताला धरल्यासारखं खोलीपाशी नेलंत आणि दारातून दाखवलंत. सातवीच्या मुली संगणक सुरू करून बसल्या होत्या, पण कव्हर कुणी काढलं नव्हतं. एकजण झालर वर उचलून धरत होती, दुसरी मान वाकडी करून खालून डोकावत होती. बाईंचं कव्हर काढलं तर बाई रागावतील, म्हणून अर्धा तास त्या अशाच शिकत होत्या. तुम्ही तिथं हसला नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हसलात, हे मी पाहिलं.

खरा वाद पुढं सुरू झाला. साडेपाचला शाळा सुटायची, मी कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकायचे. तुम्ही रोज ऑफिसच्या दारात.

"मॅडम, चाबी मागून राहिलो होतो."

"कशाला?"

"हे मशीन आता सकाळपर्यंत काय करून राहिले?"

"विश्रांती घेतात."

"अन् पोरांचे मायबाप? पोरगं घरी जाऊन काय सांगून राहिलं ते त्यांना समजत नाही जी. त्यांनाही बसू द्या ना एखादा घंटा."

"वानखेडे, ही शाळा आहे. चावडी नाही."

तुम्ही म्हणालात, "चावडीच तर नाही राहिली गावात, मॅडम." ते खरं होतं. जमिनी विकल्या जात होत्या, पारावर बसणारे पांगत होते. मी आठवड्यातले तीन दिवस दिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते सात. किल्ली तुमच्या हातात दिली ती तेव्हा. ती तुम्ही फाइल बांधायच्या लाल नाडीला बांधून गळ्यात घातलीत. ती नाडी तुम्हाला कशालाही चालायची. छत्री त्या नाडीनं बांधलेली, डबा त्या नाडीनं बांधलेला.

पहिल्या दिवशी पाच बायका आल्या आणि त्यांतली एकही खुर्चीवर बसेना. सुनंदा आठवते ना, शिवणकाम करणारी, आपल्या प्राचीची आई? ती भिंतीला टेकून उभी राहिली. "सर, आमी उभं ऱ्हाऊनच बगतो. खुर्ची शाळंची हाय." तुम्ही स्वतःची खुर्ची बाहेर ठेवलीत आणि तास संपेपर्यंत उभे राहिलात. पुढच्या वेळी त्या बसल्या.

महिन्याभरानं सुनंदानं आपल्या गल्लीतल्या पाण्यासाठी अर्ज टाइप केला. आठ ओळींना तिला तीन संध्याकाळी लागल्या. आधी दोन वेळा ती हातानं लिहिलेला अर्ज देऊन आली होती आणि दोन्ही वेळा कारकुनानं तो वर न बघता ठेवून घेतला होता. छापील अर्ज बघून त्यानं तिला बसायला सांगितलं. पाणी यायला पुढं बराच काळ गेला तो भाग वेगळा. पण ती धावत शाळेत आली आणि मला म्हणाली, "बाई, त्यानं मला खुर्ची दिली!" त्या दिवशी मी तुम्हाला चहा पाजला. तुम्हाला वाटलं, सहज. वानखेडे, मी सहज कुणाला चहा पाजत नाही.

आणि त्याच आठवड्यात माझी कव्हरं व्हरांड्यात दिसली. चौघडी करून, कडा शिवून, त्यांची आसनं केलेली. त्यांवर आपली पाळी यायची वाट बघत बायका बसलेल्या. शिवून सुनंदानं दिली होती, कल्पना तुमची. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते ओरडायला. हा वाद आपला मिटलेलाच नाही, आणि मी आजही मागं हटलेली नाही. झालर तरी काढून ठेवायची होती.

विहिरींच्या यादीबद्दल मात्र मी तुमच्याशी कधी वाद घातला नाही. आठवीच्या मुलांना तुम्ही घरोघर पाठवलंत. गावात विहिरी किती, कुणाच्या, कुणी खणल्या, पाणी कसं, आता काय आहे. म्हातारी माणसं बोलत गेली, मुलं लिहीत गेली, मग ते सगळं संगणकावर चढलं. नकाशा भूगोलाचा, आकडे गणिताचे, मजकुराची शुद्धता माझी. त्यात तुम्ही 'विहीर' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहू दिला होता, मी एक केला. छापून ती यादी तुम्ही खोलीच्या भिंतीला लावलीत. समितीचे अध्यक्ष आबा, ज्यांना शाळेत यायला सवड नसायची, ते तासभर तिच्यासमोर उभे होते. आजोबांच्या विहिरीच्या नावावर बोट ठेवून. त्यानंतर तुमच्या खोलीला गावात कुणी नावं ठेवली नाहीत. त्या निकालाच्या दिवसापर्यंत.

आता तेच सांगायचं आहे.

दहावीचा निकाल इंटरनेटवर बघायला मिळणार, याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं. धायरीत सायबर कॅफे नव्हता. आबांनी गावभर सांगितलं, निकाल बघायला शहरात जायचं नाही, शाळेत या. शाळेत फोन एकच, माझ्या टेबलावर. त्याच लाइनीची वायर तुम्ही अंगणातून ओढून खोलीत नेली होती आणि तिला मोडेम जोडला होता. दुपारी एकच्या आधीच व्हरांडा, अंगण, फाटक सगळं भरलं. सुनंदा सगळ्यांत पुढं, प्राचीचा हात घट्ट धरून. पहिल्या सहा मुलांचे निकाल झरझर निघाले, पेढ्याचा एक पुडाही फुटला. आणि मग कनेक्शन तुटलं.

तुम्ही पुन्हा जोडलंत, पुन्हा तुटलं. पुन्हा जोडायचं, पान उघडायला लागायचं, आकडे टाकायचे, आणि तुटायचं. मी ऑफिसात बसले होते. शिक्षण खात्यातून फोन येणार होता, त्याची वाट बघत. रिसीव्हर उचलून पाहिला तर आत नुसती किंचाळल्यासारखी खरखर. मला वाटलं, फोन बिघडला. पाच मिनिटांनी पुन्हा उचलला, सुधारला का बघायला. पुन्हा खरखर. मग आणखी पाच मिनिटांनी. मी कामसू बाई, वानखेडे. मी अडीच वाजेपर्यंत तो फोन सुधारला का, हे अगदी नेमानं बघत राहिले.

बाहेर लोक चिडले. आबांचा आवाज मला ऑफिसात ऐकू येत होता. "आमी गावाला सांगितलं, निक्काल शाळंत बगा. आन् हितं ठणठण! ह्या डबड्यांचा उपेग काय मग?" तुम्ही हात जोडून म्हणत होतात, "लाइन खराब आहे जी, लाइन खराब आहे." सुनंदा प्राचीला घेऊन बसनं स्वारगेटच्या सायबर कॅफेत गेली. पोरगी रस्ताभर रडली. ती उत्तम मार्कांनी पास झाली होती, पण ते तिला कळलं परक्या दुकानात, परक्या माणसांसमोर.

तिसऱ्या दिवशी समिती बसली. संध्याकाळचं केंद्र पुढील निर्णय होईपर्यंत बंद, आणि संबंधित शिक्षकाकडून लेखी खुलासा घ्यावा. तो मागायचा कुणी, तर मुख्याध्यापिकेनं. मी मागितला. माझ्या सुवाच्य अक्षरात, 'आपण योग्य ती पूर्वतयारी का केली नाही' असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुणाला तरी फोन करायला रिसीव्हर उचलला. तीच खरखर. आणि खिडकीतून पाहिलं तर समोर तुम्ही संगणकापुढं बसला होता, तुमची मान वर झाली, आणि तुम्ही सरळ माझ्याकडं, माझ्या हातातल्या रिसीव्हरकडं पाहिलंत. फार तर दोन क्षण. मग मान खाली घालून पुन्हा कामाला लागलात. मी रिसीव्हर ठेवला. गणितात मी कच्ची असेन, पण एवढं मला जुळवता आलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा खुलासा आला. कोऱ्या कागदावर एकच ओळ: 'लाइन खराब होती.' खाली सही. तुम्ही कागद टेबलावर ठेवलात आणि उभे राहिलात. मी तेव्हा बोलायला हवं होतं. "वानखेडे, बसा," एवढं म्हणायला हवं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. मी कागदाला भोक पाडलं, फाइलला लावला आणि म्हटलं, "ठीक आहे." तुम्ही म्हणालात, "हो जी, मॅडम."

मी पुढं भांडले हे खरं आहे. प्रत्येक बैठकीत केंद्राचा विषय मी काढला, आबांना गाठलं, समितीला कंटाळा आणला, आणि दिवाळीनंतर तुमची खोली पुन्हा उघडली. सगळ्यांनी म्हटलं, बाई बाहेरून फणस, आतून गोड. मी ते कौतुकही ऐकून घेतलं. पण चार महिने सुनंदा आणि बाकीच्या बायका घरी बसल्या, चार महिने तुम्ही गावातून मान खाली घालून गेलात, आणि हे सगळं मी एका वाक्यात थांबवू शकले असते. ते वाक्य मी बोलले नाही, कारण मला लाज वाटली. दुसरं काही कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढच्या वर्षी निकालाच्या सकाळी तुम्ही ऑफिसात आलात. खिशातून लाल नाडी काढलीत, माझ्या फोनचा रिसीव्हर खालच्या डब्याला घट्ट बांधलात, वर फुलाची गाठ मारलीत. "मॅडम, आज दोन घंटे याला आराम." मी म्हटलं, "बरं." तुम्ही गेलात. त्या दिवशी एकदाही कनेक्शन तुटलं नाही. दर वर्षी तुम्ही ती नाडी बांधलीत, माझ्या निवृत्तीपर्यंत, आणि दर वर्षी मी 'बरं' म्हटलं. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तुम्हाला माहीत होतं. एवढं असून आपण दोघं बोलत राहिलो ते चपला आणि कव्हरांवर.

तुम्ही मला संगणक शिकवायला किती मागं लागलात. "मॅडम, एक डाव बसा तर." मी काय काय कारणं दिली. डोळे, वय, 'माझं अक्षर चांगलं आहे'. खरं कारण असं, की त्या खुर्चीवर बसलं की समोर माझ्या ऑफिसची खिडकी दिसते. आत टेबल दिसतं, टेबलावरचा फोन दिसतो. तुम्ही त्या दिवशी दीड तास काय बघत होता, ते मला बसून बघायचं नव्हतं.

तर शनिवारची बैठक. नवे मुख्याध्यापक चांगले आहेत, पण घाईत असतात. ते म्हणाले, आता गल्लोगल्ली सायबर कॅफे झालेत, आपले संगणक जुने झालेत, वानखेडे सर होते तोवर ठीक होतं. आबा ऐकत होते. आता त्यांना काठी लागते. समोर तुमची फाइल होती. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि एका कागदावर थांबले.

"हे बगा. सरांनी सोता लिवून दिलंय, लाइन खराब व्हती. म्हंजी तवापास्नं हे बेभरवशाचंच हाय. सर मानूस देवावानी, पर केंद्राचा काय नेम न्हाय. द्या क्लासला."

आणि माझ्या लक्षात आलं, वानखेडे, की तुम्ही मला वाचवायला लिहिलेली ती एक ओळ आता तुमचीच खोली बंद करायला निघाली आहे. तुम्ही काही म्हणायला तिथं नव्हता.

मी उभी राहिले. समितीत उभं राहून बोलायची पद्धत नाही, पण बसून ते बोलता आलं नसतं. "आबा, लाइन खराब नव्हती. त्या दिवशी फोन मी उचलत होते. दर पाच मिनिटांनी. मी उचलला की यांचं तुटायचं. वानखेड्यांना ते कळलं होतं, आणि चार दिवसांनी मलाही कळलं."

आबांनी चष्मा काढला.

"आन् तुमी त्येलाच खुलासा मागितला?"

"हो."

"आन् त्यो काय बोलला न्हाय?"

"नाही."

"तुमी?"

"मीही नाही."

आबांनी भिंतीकडं बघितलं. बैठक तुमच्याच खोलीत होती, तिथंच खुर्च्या पुऱ्या पडतात. विहिरींची यादी अजून तिथं आहे, कडा पिवळ्या पडल्यात. "माज्या आज्याच्या हिरीवर आता मोटारी उभ्या ऱ्हात्यात," ते म्हणाले. "त्येचं नाव तेवडं ह्या भितीवर उरलंय." मग माझ्याकडं वळले. "चालवनार कोन?"

"शिकवायला सुनंदा आहे. गेली दोन वर्षं नव्या बायकांना तीच शिकवते आहे. प्राची खराडीला नोकरीला आहे, शनिवारी ती येईल, मी विचारलंय. दार मी उघडीन."

"तुमाला येतं का कांपुटर?"

"नाही. शिकेन."

नवे मुख्याध्यापक हसले. आबा हसले नाहीत. त्यांना मी वीस वर्षं ओळखते, त्यांनाही मी माहीत आहे. "क्लासला न्हाई म्हनून कळवा," ते म्हणाले आणि फाइल मिटायला लागले. मी म्हटलं, "थांबा आबा, त्यात एक कागद लावायचा आहे."

म्हणून आज आले. किल्ली रेखाताईंनी आणून दिली, नाडीसकट. नाडी आता लाल राहिलेली नाही, पण गाठ तुमचीच आहे, ती सोडवायची माझी हिंमत नाही. मी ती गळ्यात घातली. आरशात पाहिलं नाही, पण बरी दिसत नसणार. साडेपाचला दार उघडलं. बाहेर चपलांच्या चौदा जोड्या मोजल्या. ऑफिसच्या खिडकीतून मी त्या रोज मोजायचे, किती जण आलेत ते कळावं म्हणून, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. आणि हो, व्हरांड्यात ती निळी आसनं अजून आहेत. मी एकावर बसून पाहिलं. बसायला चांगली आहेत. पण झालरीचं माझं म्हणणं कायम आहे.

मग तुमच्या खुर्चीवर बसले. समोर खिडकी होती, आत फोनही होता. बघितला. काही झालं नाही, बघता आला.

सुनंदा मागं उभी राहिली. पूर्वी तिला मी वाक्यं शुद्ध करून द्यायचे, आज ती मला 'ख' कुठं आहे ते दाखवत होती. "घाई करू नका बाई, ते कुटं जात न्हाय." अगदी तुमचा सूर. पाच ओळींना मला पाऊण तास लागला. शिकवायची तिची पद्धतही तुमचीच, चुकलं तरी स्वतः हात लावायचा नाही. मी दोनदा चिडले, ती दोनदा गप्प राहिली. तुम्ही माझ्यासाठी काय काय सोसलं असेल, याचा मला आज थोडा अंदाज आला, आणि वानखेडे, मी तुमची ऋणी आहे. हे शोकसभेत म्हणायला हवं होतं. तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. इथं म्हणते.

कागद छापून निघाला. मी वाचून पाहिला, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

'खुलासा. निकालाच्या दिवशी लाइन खराब नव्हती. फोन मी उचलत होते. वानखेडे सरांचा काहीही दोष नव्हता. हे मला त्यांचा खुलासा येण्याआधीच माहीत होतं.'

फाइल उघडली, तुमच्या कागदाच्या खाली तो लावायला घेतला. सुनंदानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, खाली नाव टाकायचं ऱ्हायलं."

टाकलं.